गयाबाईची तरंगलेली अंडी

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडलेली नाही. बायकोला सांगितली नाही, थोरल्या भावाला नाही, देवापुढंही नाही — देवापुढं उभा राहिलो की मी नेहमी दुसरंच काहीतरी मागून मोकळा होतो. सोळा वर्षं झाली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं जमेल असं वाटतं. बघू.

आमच्या घरात अंडी आली की ती मीच पाहतो. एकेक वेगळ्या वाटीत फोडतो, वास घेतो, बलक उभा राहिलाय की पसरलाय ते बघतो, मगच कढईत. बायको हसते. म्हणते, "आवो, अंडं हाय का सोयरीक? किती पारखायचं ते!" मुलंही हसतात. मी पण हसतो. अंड्यांच्या संस्थेत सेक्रेटरी होतो, तेव्हापासून लागलेली शिस्त, असं त्यांना वाटतं. शिस्तच आहे ती — पण संस्थेत असताना मी अंडी फोडून बघत नव्हतो. तेच तर सांगायचंय. एक जण मला हात जोडून सांगत होती, फोडून बघा म्हणून. मी फोडलं नाही.

पण असं एकदम सांगितलं तर तुम्हाला कळायचं नाही. क्रमानं सांगतो.

आमचं गाव येडशी स्टेशनापासून चार मैलांवर. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी गावात अंडी उत्पादकांची सहकारी संस्था निघाली. सभासद त्रेचाळीस, सगळ्या बायका. चेअरमन आणि सेक्रेटरी तेवढे पुरुष. मी सेक्रेटरी, वय एकोणतीस. मॅट्रिक झालेला, अक्षर बरं, हिशेबाला पक्का. दर गुरुवारी बायका आठवड्याची अंडी टोपलीत भुसा घालून आणायच्या. मी ती तपासायचो, मोजायचो, आणि दुपारच्या गाडीनं ती बार्शीला जायची.

तपासायची पद्धत मला पशुसंवर्धन खात्याच्या एका माणसानं शिकवली होती. बादलीभर पाण्यात शेरभर खडेमीठ विरघळवायचं. ताजं अंडं त्यात बुडतं. जुन्या अंड्यात आत हवेची पोकळी वाढलेली असते, ते तरंगतं. एकदा भिजलेलं अंडं पुढं टिकत नाही, म्हणून पाठवायच्या दिवशीच परीक्षा, लगेच फडक्यानं पुसायचं, निमुळतं टोक खाली करून भुशात ठेवायचं. शंका आलीच तर डब्याला भोक पाडून आत दिवा लावलेला असायचा, त्या भोकाशी अंडं धरून आत बघायचं. पण हे फक्त शंका असेल तर. तरंगलेल्या अंड्याबद्दल शंका कसली? तरंगलं ते नासलं. भिंतीवर मी खडूनं लिहून ठेवलं होतं.

आणि पाण्याचीही परीक्षा असते, हे मला ठाऊक होतं. हे नीट लक्षात ठेवा. मला ठाऊक होतं. पाणी आटलं की मीठ जास्त होतं, मग पाणी जड होऊन ताजं अंडंसुद्धा वर उचलतं. म्हणून दर गुरुवारी सकाळी आमच्या घरच्या कोंबडीचं त्याच पहाटेचं अंडं — हाताला अजून कोमट लागायचं — मी आधी पाण्यात सोडायचो. बुडालं, तर पाणी बरोबर. वर आलं, तर बुडेपर्यंत तांब्या-तांब्यानं साधं पाणी ओतायचं. एकही गुरुवार मी चुकवला नाही. गावात मला 'काटा' म्हणायचे. "सेक्रेटरी म्हंजी काटा, इकडं न्हाय का तिकडं न्हाय." मला ते नाव आवडायचं. अजूनही कुणी तसं म्हणालं की आत काहीतरी होतं, पण ते आवडणं नव्हे.

त्रेचाळीस सभासदांत गयाबाई एकटी बौद्धवाड्यातली. विधवा. पन्नाशीला आलेली, काटक, बोलायला खट. तिची एकच मुलगी तुळजापुरात दिलेली. गयाबाई वयानं माझ्या आईएवढी. आज लिहिताना 'त्या' लिहावं असं हात म्हणतो, पण तेव्हा मी तिला अगं-तुगं करायचो, सगळेच करायचे. म्हणून तसंच लिहितो.

अंड्याची पारख मी त्या खात्याच्या माणसाकडून शिकलो, तिला ती जन्माची होती. अंडं कानाशी धरून एकदा हलवायची — बस्स. मुठीची नळी करून उन्हाकडं धरायची आणि सांगायची, "ह्ये परवाचं. ह्ये कालचं." तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून अंड्यावर कोळशानं रेघा ओढायची: आजचं एक रेघ, दुसऱ्या दिवशी आणखी एक. चार रेघांच्या पुढचं अंडं ती संस्थेत आणायचीच नाही, घरी खायची. गार राखेत, मडक्यात ठेवायची. पहिले आठ महिने तिचं एकही अंडं परत गेलं नाही. एकही. बाकी बेचाळीस जणींत हे कुणाबद्दल म्हणता आलं नसतं.

आता बादलीचं.

पहिल्याच महिन्यात पार्वतीकाकू — चेअरमनची चुलती, जुनी सभासद — मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सेक्रेटरी, आमची आन् तिची अंडी एकाच पान्यात नगा घालू बरं. उरलीसुरली आमी घरी न्हेऊन खातो. तसं आसंल तर आमची टोपली आमी घरीच ठिवतो." चार-पाच जणी मागं उभ्या होत्या. मी काय करायला हवं होतं? तुम्ही म्हणाल ते सगळं बरोबर आहे. मी काय केलं, ते सांगतो. सगळ्यांसाठी खोलीत जर्मनचं मोठं भगुनं होतं. गयाबाईसाठी मी पत्र्याची एक जुनी बादली आणली आणि खोलीबाहेर, पायरीच्या कडेला ठेवली. तिथं सकाळपासून ऊन. कुणाला दुखावलं नाही, संस्था फुटली नाही, असं मनाशी म्हटलं. सोय, असं नाव दिलं त्याला.

गयाबाईनं ती बादली पहिल्यांदा पाहिली. मग भगुन्याकडं बघून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माज्या कोंबडीला कुनी सांगितलंच न्हाय वाटतं, ती कुठल्या वाड्यातली हाय ते. साऱ्या गावच्या उकिरड्यावर चरती की रांड!" बायका हसल्या. पार्वतीकाकूसुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या. मीही. बादली मात्र तिथंच राहिली.

मग दुष्काळ आला. त्याचं मी वेगळं काय सांगू? टँकर मंगळवारी आणि शनिवारी यायचा. संस्थेला आठवड्याला एक घागर. ती घागर भगुन्यात जायची, कारण तिथं बेचाळीस जणींची अंडी. बाहेरच्या बादलीतलं पाणी मी बदलणं सोडलं. एका बाईच्या वीस-बावीस अंड्यांसाठी पाणी घालवायचं का? तेच पाणी आठवड्यामागून आठवडे. मिठाचा जोर राहावा म्हणून दर गुरुवारी मूठभर मीठ तेवढं टाकायचो. पाणी नव्हतं, मीठ होतं. चैत्रातलं ऊन, उघडी बादली — पाणी रोज थोडं खाली जायचं. काठावर मिठाचे पांढरे वळ दिसायचे. मी ते बघत होतो.

पहिल्या गुरुवारी गयाबाईची चोवीसपैकी अकरा अंडी तरंगली. पुढच्या गुरुवारी बावीसपैकी सतरा. तिसऱ्या गुरुवारी एकोणीसच्या एकोणीस.

आकड्यांच्या माणसाला हे आकडे पुरेसे नव्हते का? एखाद्या बाईची नियत बिघडली तर ती चार जुनी अंडी लपवून आणेल, सहा आणेल. एकोणीसच्या एकोणीस? आणि बेचाळीस जणींच्या अंड्यांत त्याच उन्हात, त्याच आठवड्यात, तरंगणारी शेकड्याला चार? दोन भांड्यांचे दोन निकाल समोर होते. मी वहीत दोन्ही नीट लिहिले, खाली रेघ मारली.

तिसऱ्या गुरुवारी गयाबाई खडीच्या कामावरून अर्धा दिवस टाकून आली होती. हातांना फडकी बांधलेली. एकोणीस अंडी पाण्यावर टेकड्यांसारखी वर आलेली बघून ती खालीच बसली. एक उचललं, कानाशी हलवलं. "काल दुपारचं हाय ह्ये," म्हणाली. "म्या सोता उचललं. कोंबट हुतं. ह्या बगा दोन रेघा." मी म्हणालो, कोळशाची रेघ काय, कुणीही ओढेल. असं मी म्हणालो. आठ महिने त्या रेघा खऱ्या ठरल्या होत्या.

मग तिनं हात जोडले. "सेक्रेटरी, एक फोडा. एकच. नासकं निघालं तर हितंच पिऊन दावते."

पार्वतीकाकू आतून म्हणाल्या, "खडी फोडून हात भागलं न्हाईत व्हय, आता अंडी फोडायला निगाली!" आणि मोठा हशा झाला.

फोडायला काय लागलं असतं? एक वाटी. दिव्याचा डबा दोन पावलांवर होता. मी म्हणालो, "नियम म्हणजे नियम, गयाबाई. तरंगलं ते नासलं."

तीनदा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त अंडी खराब निघाली तर सभासदत्व रद्द, असा ठराव होता. मीच लिहिलेला. पुढच्या बैठकीत तिचं नाव कमी झालं. ती दाराशी उभी होती, आत कुणी बोलावलं नाही. चेअरमन म्हणाले, "दुष्काळ हाय, मान्सं करत्यात आसलं. पर संस्थेचं नाव जातं." सगळ्यांना लगेच पटलं. इतक्या लगेच का पटलं, ते कुणी बोललं नाही. मीही बोललो नाही. ती रिकामी टोपली काखेला मारून निघून गेली. त्यानंतर गावात कुणी काही खोटंनाटं विकलं की लोक म्हणायचे, "गयाची अंडी हायेत ही."

खराब अंडी मी पुरत असे. लोक भुकेले होते, उकरून खातील आणि आजारी पडतील, म्हणून दोन हात खोल, वर चुनकळी. न फोडता, वास सुटू नये म्हणून. तीन गुरुवारची मिळून सत्तेचाळीस. पहिली अकरा कदाचित खरोखर जुनी असतील. मला माहीत नाही, आता कळण्याचा मार्ग नाही. पण उरलेली छत्तीस — त्या वर्षी ती बाई रेशनवरच्या मिलो ज्वारीची भाकरी पाण्याशी खात होती आणि तिची छत्तीस चांगली अंडी मी काळजीपूर्वक मातीत घातली.

चांगली होती हे मला कसं कळलं?

तिचं नाव कमी झालं त्याच्या पुढच्या गुरुवारी. बादली आता नको, म्हणून ती रिकामी करायला मी लवकर गेलो. कुणी आलेलं नव्हतं. माझ्या हातात आमच्या घरचं पहाटेचं अंडं होतं, भगुन्यासाठी आणलेलं. मी बादलीशी उभा राहिलो. आणि तेव्हा, त्या जागी, मला पहिल्यांदा स्पष्ट दिसलं, की इतक्या महिन्यांत मी हे अंडं एकदाही या बादलीत सोडलं नव्हतं. विसरलो होतो का? मी? एकही गुरुवार न चुकवणारा? नाही. घरचं अंडं होतं ते. परीक्षा झाली की मी ते पुसून परत न्यायचो, आणि माझी आई ते खायची. त्या बादलीत घातलेलं अंडं आईपुढं कसं ठेवायचं?

एवढंच कारण होतं. असं कधी मनात शब्दांत आणलं नव्हतं. हात तिकडं जात नव्हता, इतकंच. पार्वतीकाकूंनी तोंडानं मागितलं ते माझ्या हातात आधीपासून होतं.

मी अंडं सोडलं. ते बुडालं नाही. आडवं होऊन वर आलं, त्याची रुपयाएवढी टिकली पाण्याबाहेर, कोरडी. आत नेऊन फोडलं. बलक गोल, उंच, पांढरं त्याच्याभोवती घट्ट.

मी काय करावं याचे मला तेव्हा बरेच रस्ते दिसले असतील. चेअरमनच्या घरी जाता आलं असतं. बौद्धवाडा किती लांब होता — साडेतीनशे पावलं. मी बादली उचलली आणि पाणी खोलीमागं ओतून दिलं. टँकरच्या वर्षात पाणी ओतणारा दुसरा माणूस गावात सापडला नसता. मग बादली घासून पालथी घातली. भगुनं मांडलं. बायका यायला लागल्या. मी नेहमीसारखा वही उघडून बसलो.

भ्यालो कशाला? पाणी चुकलं, हे सांगणं एवढं अवघड नव्हतं. दुष्काळात कुणाचं काय चुकत नव्हतं? पण लगेच दुसरा प्रश्न आला असता — भगुनं दर आठवड्याला तपासता, मग बादली का नाही? त्याचं उत्तर मला सगळ्यांपुढं, तिच्यापुढं द्यावं लागलं असतं. त्यापेक्षा ती लबाड ठरलेली बरी, असं मी ठरवलं. ठरवलं, हाच शब्द बरोबर आहे.

पावसाळ्यात गयाबाईनं कोंबड्या विकल्या, घराला कडी लावली आणि लेकीकडं तुळजापूरला गेली. संस्था पुढं चार वर्षं चालली. मग मानमोडीचा रोग आला, आठ दिवसांत गावात कोंबडी राहिली नाही. संस्था बंद झाली. तिच्यामुळं नाही, माझ्यामुळंही नाही.

मी मात्र 'काटा'च राहिलो. भावाभावांच्या वाटण्या, बांधाचे तंटे, लोक माझ्याकडं येतात. निकाल घेतात आणि उठून जातात. बसत नाही कुणी. खऱ्या म्हणवणाऱ्या माणसापाशी कुणी आपली चूक घेऊन येत नाही, हे मला या वर्षांत कळलं. आणि ज्याच्यापाशी कुणी येत नाही, त्यानं आपली कुठं न्यायची? बायको शेजारी बसलेली असते. चांगली बाई आहे. तिला वाटतं, मी कमी बोलणारा आहे.

अजून एक आहे. हे नसतं तर कदाचित मी एवढंही लिहिलं नसतं.

सहा वर्षांपूर्वी नवरात्राच्या आधी आम्ही दोघं तुळजापूरला गेलो होतो. बायको ओटीचं सामान घेत होती, मी रस्त्याच्या कडेला उभा. मागून आवाज आला, "सेक्रेटरी, वळखलं का?" गयाबाई. केस सगळे पांढरे, दात दोन-तीनच. हाताला धरूनच घेऊन गेली मला, गल्लीत लेकीचं घर होतं. चहा केला. मी प्यालो. तिनं गावातल्या एकेकाची चौकशी केली. पार्वतीकाकू गेल्या म्हटल्यावर "लई हसवायची बया," म्हणाली, आणि डोळे पुसले.

मग तिनंच तो विषय काढला. मी काढला नव्हता.

"त्या सालाला माजंच चुकलं आसंल बगा," ती म्हणाली. "म्या लई इचार केला त्याचा. टोपलीवर वल्लं फडकं टाकायला पानी नव्हतं. वाटंनं ऊन लागून आतल्या आत नासली आसतील. मला आपलं वाटायचं, माजा कान चुकत न्हाय. तुमी रागावला न्हाईत, नियमानं केलं. म्या उगंच भांडले. तवापास्नं म्या अंड्याला हात लावत न्हाय. लेक इच्यारती, आई, ह्ये बग गं चांगलं हाय का. म्या म्हनते, तूच बग बाई. माजं ग्यान गेलं."

समोर बसून, तिच्या घरचा चहा पिऊन, दहा वर्षांनी, दुसरं कुणी ऐकायला नसताना — मला फक्त नाही म्हणायचं होतं. नाही गयाबाई, तुझा कान बरोबर होता. चार शब्द. पार्वतीकाकू नव्हत्या, चेअरमन नव्हते, संस्था नव्हती. भ्यायला कुणी उरलं नव्हतं.

मी म्हणालो, "होतं असं, गयाबाई. उन्हाचे दिवस होते."

तिनं मान हलवली. तिला बरं वाटल्यासारखं दिसलं. दारापर्यंत सोडायला आली.

पहिल्यांदा मी गप्प राहिलो होतो. या वेळी मी बोललो. एका बाईकडं जन्मापासून होतं ते ज्ञान गेलं, आणि ते गेलं हे बरोबरच झालं, असं मी तिला तोंडानं सांगून आलो.

गयाबाई अजून आहे. गेल्या महिन्यात तुळजापूरहून आलेल्या एकानं सांगितलं, दिसत नाही तिला आता, पण आहे. गल्ली मला माहीत आहे, घरही. आमच्या फाट्यावरून तुळजापूरला दिवसाला सहा गाड्या जातात. मी गेलेलो नाही.